रस्त्यावरचा इशारा आणि बिनतारी यंत्रे

रात्रीच्या वेळी हमरस्त्याने जाताना एक दृश्य आपण पुष्कळदा पाहिले असेल. एखादा ट्रक वाटेत बंद पडलेला असतो. ड्रायव्हर आणि क्लीनर खाली उतरतात, कडेच्या झाडाची एक फांदी मोडतात, ती ट्रकच्या मागे पाच-दहा पावलांवर टाकतात, तिच्याभोवती चार दगड मांडतात आणि पान्हे घेऊन ट्रकखाली शिरतात. ही फांदी म्हणजे आपल्याकडचे अगदी जुने आणि बिनपैशाचे इशारा-यंत्र. पुढे ट्रक दुरुस्त होऊन निघून जातो. फांदी वाळून जाते. दगड मात्र तिथेच राहतात आणि दुसऱ्या रात्री एखाद्या मोटारसायकलवाल्याला पाडतात.

मुलुंडला राहणारा माझा एक जुना विद्यार्थी एका पावसाळी रात्री घाटकोपरहून पूर्व द्रुतगती मार्गाने मोटारसायकलवर घरी निघाला होता. वाटेत असाच एक लांब ट्रेलर बंद पडून उभा होता. मागचे दिवे विझलेले. विद्यार्थी वाचला, पण डावा पाय गुडघ्याखाली गेला. मी त्याला भेटायला गेलो तेव्हा त्याचे वडील मला म्हणाले, "सर, फांदी टाकलेली होती म्हणे. पण भर पावसात, काळोखात ती हिरवी फांदी दिसायची कुणाला?" या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हते. आजचे भाषण त्या प्रश्नामुळेच सुचलेले आहे. मी यंत्रशास्त्राचा माणूस नव्हे. कॉलेजात मानसशास्त्र शिकवतो. तेव्हा यंत्राबरोबरच, इशारा ऐकणाऱ्या माणसाबद्दलही मी थोडे बोलणार आहे.

आधी थोडा हिशेब करू. ताशी ६० किलोमीटर वेगाने जाणारे वाहन एका सेकंदात जवळजवळ १७ मीटर अंतर तोडते. समोर काही आहे हे डोळ्यांना दिसले, मनाला पटले आणि पाय ब्रेकवर पडला, एवढे व्हायला बेसावध माणसाला साधारण दीड सेकंद लागतो. म्हणजे ब्रेक लागायच्या आधीच २५ मीटर संपले. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर वाहन थांबायला आणखी २० मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर ३५. बेरीज केली तर कोरड्यात ४५ आणि पावसात ६० मीटर. आता मोटारीचा दिवा डिपरवर असला तर उजेड पडतो तो साधारण ४०-५० मीटरपर्यंत. म्हणजे पावसाळी रात्री ६० च्या वेगाने जाणारा मनुष्य आपल्या दिव्याच्या उजेडाच्या पलीकडे गाडी हाकत असतो. अडथळा दिसेल तेव्हा थांबायला जागा उरलेलीच नसते. पाच-दहा पावलांवरची फांदी या हिशेबात कुठेच बसत नाही.

मग इशारा डोळ्यांना दिसण्याच्या आधी पोचवता येईल का? इथे रेडिओच्या लहरी उपयोगी पडतात. कुणी म्हणेल, रेडिओची लहर सेकंदाला तीन लाख किलोमीटर धावते, म्हणून ती उपयोगाची. पण रस्त्यावर त्या वेगाचे फारसे महत्त्व नाही. साध्या भोंग्याचा आवाजसुद्धा सेकंदाला ३४० मीटर जातो आणि मोटारीला सहज गाठतो. रेडिओचा खरा गुण दुसरा आहे. पाऊस, धुके, अंधार यांची त्याला फारशी अडचण नाही. मोटारीच्या काचा बंद असल्या, आत गाणी मोठ्याने लागलेली असली, तरी तो आत शिरतो. आणि तीनशे मीटर मागे असलेल्या ड्रायव्हरला तो आधी सांगू शकतो की, बाबा रे, पुढे वाहन उभे आहे. ६० च्या वेगात तीनशे मीटर म्हणजे १८ सेकंद. दीड सेकंदाच्या ठिकाणी अठरा सेकंद मिळाले तर माणसाचा जीव वाचतो, एवढेच नव्हे, ब्रेकसुद्धा करकचून लावावा लागत नाही.

ही कल्पना काही आजची नाही. जर्मनीत १९७४ साली मोटारीतल्या रेडिओसाठी एक योजना सुरू झाली. ध्वनिक्षेपण केंद्र आपल्या कार्यक्रमाबरोबर एक न ऐकू येणारी खूण पाठवी. वाहतुकीची सूचना असली की ती खूण मोटारीतला रेडिओ जागा करी. आवाज बारीक केलेला असला तर तो वाढे, टेप लागलेली असली तर ती थांबे आणि सूचना ऐकू येई. पुढे १९८० नंतरच्या दशकात युरोपातल्या ध्वनिक्षेपण संस्थांनी मिळून याहून सुधारलेली पद्धत आखली, ती अनेक देशांत पसरली. अमेरिकेत १९७७ साली रस्त्याकडेला लहान लहान प्रक्षेपक बसवण्याचे नियम झाले. पाटीवर लिहिलेले असे की रेडिओ अमुक ठिकाणी लावा आणि पुढच्या रस्त्याची हकीकत ऐका.

पण या दोन्ही पद्धतींत एक उणीव होती. कुठेतरी कुणीतरी बसून सूचना द्यायची आणि मग ती सर्वांना ऐकू जायची. विक्रोळीजवळ ट्रेलर बंद पडला, हे दहा मिनिटांनी सगळ्या मुंबईला कळून काय उपयोग? ते त्याच क्षणी, त्याच रस्त्यावर, मागून येणाऱ्या वाहनाला कळले पाहिजे. म्हणून पुढची पायरी अशी की वाहनानेच वाहनाला सांगायचे. बंद पडलेल्या गाडीतले लहानसे यंत्र आपोआप संदेश सोडते आणि मागच्या गाडीतले यंत्र तो घेऊन ड्रायव्हरला सावध करते. जपानात २०१५ सालापासून काही मोटारींत अशी सोय आली. जर्मनीतल्या एका खूप खपणाऱ्या मोटारीच्या नव्या नमुन्यात, २०१९-२० पासून, असे यंत्र कारखान्यातूनच बसवलेले येऊ लागले. सुमारे ८०० मीटरपर्यंतचा धोका ते एकमेकींना कळवते.

हे सगळे परदेशातले झाले असे म्हणू नका. आमच्या उपनगरातच याचे एक उदाहरण रोज डोक्यावरून जाते. दहिसरपासून अंधेरीपर्यंत पश्चिम द्रुतगती मार्गाच्या मधोमध खांब उभे आहेत आणि त्यांवरून मेट्रोची सातवी मार्गिका धावते. २०२२ आणि २०२३ साली ती दोन टप्प्यांत सुरू झाली. या मार्गिकेवरच्या गाड्या रेडिओच्या लहरींनी नियंत्रणयंत्रणेशी सतत बोलत असतात. मी इथे आहे, माझा वेग इतका आहे. आणि यंत्रणा तिला सांगते, पुढची गाडी तिथे आहे, इथवरच ये. दोन गाड्यांमध्ये किती अंतर राखायचे ते अशा रीतीने क्षणाक्षणाला ठरते. बोरिवलीला किंवा गोरेगावला पुलाखाली उभे राहून पाहा. वरची गाडी एक शब्द न काढता सुरक्षित जाते. खाली हजारो मोटारी, रिक्षा, ट्रक, मोटारसायकली हॉर्नच्या आवाजात एकमेकांना ढकलत असतात. वरही वाहतूक, खालीही वाहतूक. मग वर जे जमले ते खाली का जमत नाही?

त्याचे कारण यंत्रात नाही. वर सगळ्या गाड्यांचा मालक एक, चालक शिकवून तयार केलेले आणि यंत्र प्रत्येक गाडीत आहे. एकाही गाडीत ते नसून चालत नाही. खाली जितकी वाहने तितके मालक. शंभरांतल्या दहा गाड्यांत यंत्र असले तर इशारा देणारा आणि इशारा घेणारा दोघांपाशीही यंत्र असण्याचा योग शंभरात एकदाच येईल. म्हणजे सुरुवातीला ज्याने पैसे खर्च केले त्याला यंत्र गप्पच बसलेले दिसणार. तो शेजाऱ्याला सांगणार, "काही उपयोग नाही हो त्याचा."

ही अडचण खरी आहे, पण तिच्यातून वाट निघते हेही आपण पाहिले आहे. टोलनाक्यावरची फास्टॅगची पट्टी आठवा. काचेला चिकटवलेल्या त्या कागदी पट्टीत एक चिमुकली चिप आणि तारेसारखी बारीक अँटेना असते. तिला बॅटरी नाही. नाक्यावरच्या यंत्राने सोडलेली रेडिओची लहर तिच्यावर पडली की त्याच लहरीच्या बळावर ती जागी होते आणि आपला क्रमांक परत पाठवते. फेब्रुवारी २०२१ पासून राष्ट्रीय महामार्गांच्या नाक्यांवर ती सक्तीची झाली. पाहता पाहता ती लाखो मोटारींच्या आणि ट्रकच्या काचांवर आली. कायदा, स्वस्ताई आणि मालकाची सोय या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या म्हणून हे झाले. इशाऱ्याच्या यंत्राला या तिन्हींची जोड मिळाली तर तेही होईल.

इथवर यंत्राची बाजू झाली. आता माणसाची बाजू पाहू, कारण खरी गाठ तिथेच आहे.

जुलै २०१९ पासून आपल्या देशात तयार होणाऱ्या नव्या मोटारींत दोन इशारे सक्तीने आले. वेग ८० च्या वर गेला की अधूनमधून टिकटिक होते आणि १२० च्या वर गेला की ती थांबतच नाही. दुसरा इशारा पट्ट्याचा. समोर बसणाऱ्याने सीटचा पट्टा लावला नाही तर घंटी वाजत राहते. यावर आपल्या लोकांनी काय तोड काढली? बाजारात एक खोटे बक्कल मिळू लागले. ते खाचेत अडकवले की गाडीला वाटते पट्टा लावला आणि घंटी बंद होते. २०२३ साली केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच मोठ्या ऑनलाइन दुकानांना अशा वस्तूंची विक्री थांबवायला लावली. त्या वेळी तब्बल १३,११८ जाहिराती काढून टाकाव्या लागल्या. श्रोतेहो, विचार करा. जीव वाचवणारे यंत्र गाडीबरोबर मिळालेले आहे आणि त्याचे तोंड बंद करण्यासाठी मनुष्य पदरचे पैसे मोजतो!

याला केवळ आडदांडपणा म्हणून चालणार नाही. इशारा ऐकण्याचा मनाचा एक नियम आहे. जो इशारा पुन्हा पुन्हा वाजतो आणि ज्याच्यामागे काही घडत नाही, तो मन ऐकेनासे होते. "लांडगा आला रे आला" ही गोष्ट आपण मुलांना खोटे बोलू नये म्हणून सांगतो. पण ती ऐकणाऱ्या गावकऱ्यांचीही गोष्ट आहे. त्यांचा कान खोट्या हाकांनी बधिर झाला होता. अमेरिकेत १९९० नंतरच्या दशकात असेच झाले. तिथे पोलिसांचे वेग मोजणारे रडार ओळखून ड्रायव्हरला आधी कळवणारी पेटी लोक मोटारीत बाळगत. काही मंडळींनी कल्पना काढली की त्याच पेटीला ॲम्ब्युलन्स, रस्तादुरुस्ती, रेल्वेफाटक यांचे इशारेही पाठवावेत. कल्पना चांगली होती. पण दुकानांचे आपोआप उघडणारे दरवाजेही तशाच लहरींवर चालतात. दुकानाजवळून मोटार गेली की पेटी ओरडायची. दहा वेळा दुकानाचा दरवाजा निघाला तर अकराव्या वेळी ॲम्ब्युलन्स असली तरी कोण लक्ष देणार?

आपल्यापैकी अनेकांना २०२३ साली असा एक अनुभव आला असेल. खिशातला मोबाईल एकदम मोठ्याने किंचाळला आणि पडद्यावर सरकारी मजकूर आला. आपत्तीच्या वेळी सर्वांना एकदम सावध करता यावे म्हणून घेतलेली ती चाचणी होती. मी त्या दिवशी वर्गात होतो. साठ-सत्तर मोबाईल एकदम वाजले. मुले दचकली, मग हसली. मी विचारले, "हा खरा इशारा असता तर तुम्ही काय केले असते?" कुणालाच सांगता येईना. इशारा पोचला होता, पण पुढे काय करायचे ते कुणी शिकवलेले नव्हते.

यावरून चांगल्या इशाऱ्याच्या तीन कसोट्या सांगता येतील. तो वेळेवर यावा, म्हणजे काही करता येईल इतका आधी. तो खरा असावा, म्हणजे वाजला तर धोका असलाच पाहिजे. आणि तो ऐकल्यावर काय करायचे हे ऐकणाऱ्याला आधीच ठाऊक असावे. पहिली कसोटी रेडिओ पार करील. दुसरी इंजिनिअरने पार करायची आहे. तिसरी मात्र शाळेने आणि घराने.

आणखी एक सावधगिरी सांगितली पाहिजे. इशारा हा कधी कधी दुय्यम उपाय असतो. रेल्वेच्या फाटकांचे उदाहरण घ्या. गेटमन नसलेल्या फाटकांवर बैलगाड्या, ट्रॅक्टर, शाळेच्या गाड्या सापडून माणसे मरत. २०१७ च्या सुमारास इस्रोच्या मदतीने असा प्रयोग योजला गेला की इंजिनात एक यंत्र बसवावे आणि गाडी जवळ आली की फाटकापाशी भोंगा आपोआप वाजावा. प्रयोग उत्तमच. पण रेल्वेने त्याहून मोठे काम केले. कुठे भुयारी रस्ता काढला, कुठे पूल बांधला, कुठे गेटमन नेमला आणि जानेवारी २०१९ अखेर ब्रॉडगेजवरची अशी बिनराखणीची फाटके संपवली. आमच्याकडे विक्रोळीला रूळांवरचा पूल जून २०२५ मध्ये वाहतुकीला खुला झाला. त्याची वाट लोकांनी वर्षानुवर्षे पाहिली होती. जिथे धोकाच काढून टाकता येतो तिथे भोंगा लावून समाधान मानू नये. भोंगा तिथे, जिथे धोका काढता येत नाही. बंद पडणारा ट्रक हा असा धोका आहे. वाहन आहे तोवर ते कधीतरी बंद पडणारच.

आणि बळी कोण पडतो तेही पाहा. २०२२ साली आपल्या देशात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसे मेली. त्यांत दर शंभरांत सुमारे ४४ दुचाकीवरची होती आणि १९-२० पायी चालणारी. म्हणजे मरणाऱ्यांतले बहुतेक असे की ज्यांच्याजवळ काच नाही, रेडिओ नाही, घंटी नाही. बिनतारी यंत्र उद्या आले तर ते आधी महागड्या मोटारीत येईल. तेव्हा आपण आग्रह असा धरला पाहिजे की ते आधी ट्रक, ट्रेलर आणि बस यांत यावे. पायी चालणाऱ्याला सावध करण्याऐवजी, त्याला चिरडू शकणाऱ्याला सावध करावे.

तोवर आपण काय करायचे? खेड्यातल्या माझ्या बांधवांना मी गळिताच्या हंगामाची आठवण करून देतो. ऊस भरलेल्या दोन ट्रॉल्या ओढत ट्रॅक्टर रात्री रस्त्याने निघतो. ट्रॉलीला मागे दिवा नसतो, ऊस बाहेर आलेला असतो आणि गाणी इतक्या मोठ्याने चालू असतात की मागच्याचा हॉर्न ऐकू येऊ नये. त्या ट्रॉलीच्या मागे लाल परावर्तक पट्टी लावा. गंमत पाहा, फास्टॅगच्या पट्टीला जशी बॅटरी नाही, तशी हिलाही नाही. ती पट्टी रेडिओची लहर परत पाठवते, ही दिव्याचा उजेड परत पाठवते. दिव्याचा मोठा झोत तिच्यावर पडला की ती शंभर-दीडशे मीटरवरून चमकते. चिखलाने माखली तर मात्र आंधळी होते, म्हणून रोज फडक्याने पुसायला हवी. बैलगाडीला लावा, सायकलच्या मडगार्डला लावा. गाडी बंद पडली तर फांदीऐवजी परावर्तक त्रिकोण ठेवा आणि तो पाच पावलांवर नको, शक्य तितका मागे, निदान साठ-सत्तर पावलांवर ठेवा. आणि निघताना दगड उचलायला विसरू नका.

शिक्षक बंधुभगिनींना एक छोटा प्रयोग सुचवतो. एका मुलाने पट्टी उभी धरायची, दुसऱ्याने खाली चिमूट उघडी ठेवायची. पहिल्याने न सांगता पट्टी सोडली की दुसऱ्याने पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर घसरली तर त्याला सेकंदाचा पाचवा भाग लागला असे समजा. मग दुसऱ्याला पाढे म्हणायला लावा आणि पट्टी पुन्हा सोडा. ती बहुधा आणखी घसरेल. लक्ष दुसरीकडे असणे म्हणजे काय, हे मुलांना व्याख्यानावाचून कळेल. नंतर त्यांना मैदानावर नेऊन ४५ मीटर आणि ६० मीटर मोजायला सांगा. दोन्ही टोकांना मुले उभी करा. एवढ्या अंतराच्या आत गाडी थांबत नाही, हे एकदा डोळ्यांनी पाहिलेला मुलगा धावत रस्ता ओलांडताना एकदा तरी थांबेल.

माझा तो विद्यार्थी आता कृत्रिम पायाने चालतो आणि नोकरीला जातो. गेल्या पावसाळ्यात तो भेटला तेव्हा मी त्याला या बिनतारी यंत्रांची हकीकत सांगितली. त्याने शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, "सर, यंत्र येईल तेव्हा येवो. त्या रात्री त्या ट्रेलरवाल्याने नुसता त्रिकोण मागे नेऊन ठेवला असता, तरी मला पुरले असते."

यंत्रे येतील, आली पाहिजेत, आणि ती लवकर यावीत म्हणून आपण मागणीही केली पाहिजे. पण आपल्यामागून कुणीतरी अंधारातून येत आहे, ही जाणीव कोणत्याही यंत्रात बसवता येत नाही. ती आपली आपणच बाळगायची.